पोटातले दाखवणारा आवाज

आमची म्हैस गेल्या वर्षी चार महिने गाभण होती. निदान घरात सर्वांचा तसा समज होता. कृत्रिम रेतन केल्यानंतर ती पुन्हा माजावर आलेली दिसली नाही, म्हणून आई तिला रोज जास्तीची पेंड घालू लागली. पुढे गावात पशुवैद्यकीय शिबिर भरले. डॉक्टरांनी हाती धरता येईल एवढ्या यंत्राने तपासले आणि म्हणाले, "मावशी, पिशवी रिकामी आहे." म्हशीचा माज मुका होता. ती ओरडली नाही, अस्वस्थ झाली नाही, आणि आम्ही फसलो. घरी येईपर्यंत आई काही बोलली नाही. पेंडीची उधारी अजून फिटायची होती.

माझी धाकटी बहीण दहावीला आहे. ती शिबिरात त्या पडद्याजवळून हललीच नाही. रात्री तिने विचारले, "अक्का, हे काम करायला काय शिकावे लागते?" घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडेच येतात, आणि उत्तर मला ठाऊक नव्हते. म्हणून मी त्या डॉक्टरांना दोनदा जाऊन भेटले. जे समजले ते येथे मांडते आहे.

आपल्या कानाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीच्या यंत्रातून दर सेकंदाला लाखो कंपनांचा आवाज शरीरात सोडतात. तो निरनिराळ्या अवयवांवर आदळून परततो आणि त्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर चित्र उमटते. पाण्यासारखा द्रव काळा दिसतो, हाड पांढरे दिसते, मांसल भाग करड्या छटांत दिसतो. हवेतून हा आवाज नीट जात नाही, म्हणून कातडीवर आधी जेल लावतात. यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे पोटातल्या गर्भाला त्यांचा धोका नाही.

गाईम्हशीच्या तपासणीत डॉक्टर खांद्यापर्यंतचा हातमोजा घालतात, गुदमार्गातील शेण काढतात आणि प्रोब तळहातात धरून आत नेतात. गर्भाशय त्याच्या खालीच असते. १९८० साली फ्रान्समध्ये पामर व ड्रियांकूर यांनी घोडीची तपासणी या पद्धतीने केल्याचे प्रसिद्ध केले. नंतर ती गाईम्हशींसाठीही रूढ झाली. नुसत्या हाताने गाभण जनावर खात्रीने ओळखायला साधारण दोन महिने थांबावे लागते. यंत्राने तेच महिन्याभरात कळू शकते. म्हैस दर एकवीस दिवसांच्या आसपास माजावर येते. रिकामी असल्याचे लवकर कळले, तर पुढचा माज हातचा जात नाही. आमचे चार महिने गेले, म्हणजे असे पाच माज गेले.

पण पडद्यावर काळे दिसले म्हणजे गर्भ, असे नाही. गर्भाशयात पू झाला तरी आत द्रव दिसतो. गर्भाच्या हृदयाचे ठोके लुकलुकताना दिसले, की खात्री पटते. सुरुवातीच्या दिवसांत गर्भ जिरूनही जातो, म्हणून दोन महिन्यांनी पुन्हा तपासावे लागते. "यंत्र विकत मिळते, नजर मिळत नाही," असे डॉक्टर म्हणाले. आधी नुसत्या हाताने शेकडो जनावरे तपासावीत, बोटांना कळले ते मग पडद्यावर पडताळून पाहावे, असा त्यांचा सल्ला आहे.

आता मार्गाविषयी. आपल्याकडे नुसत्या सोनोग्राफीचा वर्ग करून पशुवैद्य होता येत नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे पशुवैद्यकाचा व्यवसाय करायला मान्यताप्राप्त पदवी व नोंदणी लागते. ही पदवी साडेपाच वर्षांची असून त्यातले शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. प्रवेशासाठी बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र हवे, आणि 'नीट' परीक्षा द्यावी लागते. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आदी ठिकाणी आहेत. मुंबईचे महाविद्यालय तर १८८६ सालचे आहे. पदवीनंतर दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यास करता येतो. गाभण जनावरांत रस असेल तर पशुप्रजनन हा विषय घ्यावा. कुत्र्यामांजरांचे मुतखडे, हृदय किंवा घोड्याच्या पायाचे स्नायुबंध पाहायचे असतील, तर शस्त्रक्रिया व क्ष-किरणशास्त्र. पुढे शासनाच्या पशुसंवर्धन खात्यात, दूध संघात किंवा शहरातील दवाखान्यात काम मिळू शकते.

यंत्र घेताना एक पथ्य आहे. माणसाच्या गर्भाचे लिंग सांगणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून सोनोग्राफी यंत्रांच्या विक्रीवर व नोंदीवर शासनाची नजर असते. जनावरांसाठी यंत्र घेणाऱ्यानेही आपल्या जिल्ह्यातले नियम आधी विचारून घ्यावेत.

ही सर्व माहिती ऐकताना मी मनात माझे स्वतःचे गणित मांडत होते. दहावीला मला विज्ञानात बरे गुण होते. पण विज्ञानाचे प्रात्यक्षिक संपेपर्यंत गावची शेवटची एसटी निघून जाते, म्हणून मी कला शाखा घेतली. त्या एका अर्जाने ही वाट बंद होईल, हे मला कोणी सांगितले नाही. घरात सांगणारे कोणी नव्हतेच. मला आता मराठी घेतल्याचा पश्चात्ताप नाही. पण न विचारता निवड झाली, याची खंत आहे.

बहिणीची परीक्षा झाली, की तिचा अर्ज भरायचा आहे. वसतिगृहाची चौकशी मी केली आहे. वडील म्हणतात, खर्चाचे पाहू. आई म्हणते, आधी म्हैस तपासून आणू, मग बोलू. पुन्हा रेतन केल्याला परवा पस्तीस दिवस पुरे होतील.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी दहावीतला भाऊ किंवा बहीण आहे. अर्ज भरण्याआधी एकदा त्यांच्याजवळ बसा आणि कोणत्या शाखेने कोणती वाट उघडते व कोणती मिटते, तेवढे सांगा.