विश्लेषण : घरासाठी वेल्डिंग मशीन घ्यायचे, पण कोणते?

पाच-सहा किलो वजनाचे, खांद्याला अडकवता येणारे आणि घरच्या प्लगवर चालणारे वेल्डिंग मशीन आता मोबाइलवरून मागवता येते. गच्चीवर कुंड्यांचे स्टँड बनवणारे हौशी लोक, मोडलेली अवजारे शेतावरच जोडू पाहणारे शेतकरी, सुटीच्या दिवशी गॅरेजमध्ये रमणारे नोकरदार असे अनेक जण ते मागवतातही. मात्र खोक्यावरचा मोठा आकडा पाहून घेतलेले मशीन घरी आल्यावर पहिल्याच दिवशी एमसीबी पाडते किंवा पातळ पाइपला भोके पाडते. मग ते माळ्यावर जाते. मशीनपेक्षा आधी काय तपासायला हवे आणि पैसे नेमके कशावर खर्च करावेत, याविषयी…

आर्क, मिग की टिग?

घरच्या वापरासाठी मुख्यतः तीन पर्याय आहेत. पहिला रॉडचा, म्हणजे आपल्याकडचा प्रत्येक फॅब्रिकेटर वापरतो तो आर्क. होल्डरमध्ये रॉड धरायची, कामाला अर्थ क्लॅम्प लावायचा आणि ठिणगी पाडायची. रॉडवरचे आवरण जळून त्याचा वायू वितळलेल्या लोखंडाचे हवेपासून रक्षण करतो, त्यामुळे वेगळा गॅस सिलिंडर लागत नाही. थोडा गंज, थोडा रंग, उघड्यावरचा वारा हे सगळे हा प्रकार निभावून नेतो.

दुसरा मिग. यात तारेचे रीळ मशीनमधून आपोआप पुढे सरकते. हात लवकर बसतो आणि पातळ पत्र्यावर काम सुबक होते. पण साध्या तारेला सीओटू किंवा मिश्र गॅसचा सिलिंडर हवा आणि पंख्याची झुळूकही तो गॅस उडवून लावते. बिनगॅसची, पोटात फ्लक्स भरलेली तार मिळते. मात्र तिच्यासाठी टॉर्च ऋण टोकाला जोडावी लागते, तर गॅसवरच्या साध्या तारेसाठी धन टोकाला. ही अदलाबदल करण्याची सोय मशीनमध्ये आहे का, हे दुकानातच उघडून पाहिलेले बरे. काही स्वस्त मशीनमध्ये ती नसते.

टिगला आर्गॉन, दोन्ही हात आणि भरपूर संयम लागतो. स्टेनलेस स्टीलचे सुंदर काम त्यावरच होते. ‘टिग’ असे लिहिलेल्या स्वस्त मशीनवर अॅल्युमिनिअम जोडता येईल, अशी समजूत मात्र महागात पडते. अॅल्युमिनिअमला साधारणपणे एसी टिग लागते आणि तिची किंमत कितीतरी जास्त असते.

नवख्याने सुरुवात डीसी इन्व्हर्टर प्रकारच्या आर्क मशीननेच करावी. खर्च कमी, दुरुस्ती गावात होऊ शकते आणि रॉड कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

‘२००’ म्हणजे खरेच २०० का?

खोक्यावरचा आकडा आणि मशीनची खरी ताकद यांत बरेचदा अंतर असते. मॉडेलच्या नावात २०० किंवा २५० असले म्हणून मशीन तेवढे अँपिअर देतेच असे नाही. खरे उत्तर असते मागच्या किंवा खालच्या धातूच्या पट्टीवर, म्हणजे नेमप्लेटवर. तिच्यावर एक्स या अक्षरापुढे टक्के दिलेले असतात. हे ड्युटी सायकल. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ते १० मिनिटांच्या हिशेबाने आणि ४० अंश सेल्सिअस तापमानाला मोजले जाते. २०० अँपिअरला ३० टक्के याचा अर्थ, दहा मिनिटांत तीन मिनिटे जोडकाम आणि सात मिनिटे विश्रांती. हेच मशीन न थांबता चालवायचे तर साधारण ११० अँपिअरच्या आसपास ठेवावे लागेल. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पारा ४० च्या वर असतो, तेव्हा त्याहूनही कमी.

याच पट्टीवर आणखी एक पडताळणी करता येते. आर्क वेल्डिंगसाठी मानकातले सूत्र सोपे आहे : अँपिअरला ०.०४ ने गुणायचे आणि २० मिळवायचे, की त्या प्रवाहाला किती व्होल्ट हवेत ते कळते. २०० अँपिअरला २८ व्होल्ट. नेमप्लेटवर २०० समोर यापेक्षा बरेच कमी व्होल्ट छापलेले असतील, तर आकडा फुगवलेला आहे. आणि ज्या मशीनवर अशी पट्टीच नाही, केवळ रंगीत स्टिकर आहे, ते घेऊ नये.

अर्थात ड्युटी सायकलचा बाऊही फार करू नये. अडीच मिलिमीटरची एक रॉड साधारण मिनिटभरात संपते. मग स्लॅग फोडायचा, ब्रश मारायचा, पुढचा तुकडा लावायचा, क्लॅम्प हलवायचा. हौशी माणूस दहा मिनिटांत सलग तीन मिनिटेही क्वचितच जोडतो. बहुतेक घरगुती कामे ७० ते १२० अँपिअरमध्ये होतात. तेव्हा मोठ्या आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा खरोखर १४०-१६० अँपिअर देणारे मशीन पुरेसे आहे.

घरचा प्लग हा भार पेलेल का?

खरी अडचण इथे आहे आणि मशीन विकणारे याबद्दल सहसा बोलत नाहीत. ८० अँपिअरवर जोडताना वर दिलेल्या सूत्राने २३ व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणजे जवळपास १,८५० वॉट प्रत्यक्ष आर्कमध्ये जातात. मशीनची कार्यक्षमता सुमारे ८५ टक्के आणि साध्या इन्व्हर्टर मशीनचा पॉवर फॅक्टर ०.७ धरला, तर भिंतीतून २३० व्होल्टवर तेरा-चौदा अँपिअर खेचले जातात. ज्याला बोलीत ‘पंधरा अँपिअरचा प्लग’ म्हणतात, तो सोळा अँपिअरचा पॉवर प्लग चांगल्या स्थितीत असेल, तर एवढे निभते. १२० अँपिअरवर हाच आकडा वीसच्या वर जातो. २०० वर जवळपास चाळीस. म्हणजे २०० अँपिअरचे मशीन पूर्ण ताकदीने चालवणे साध्या घरगुती वायरिंगवर शक्यच नाही आणि त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

एमसीबी पडू लागला की अनेक जण १६ चा काढून ३२ चा बसवतात. हा या सगळ्यातला सर्वांत धोकादायक उपाय आहे. एमसीबी भिंतीतल्या वायरचे रक्षण करतो, मशीनचे नाही. वायर तीच राहिली आणि एमसीबी मोठा झाला, तर पडायचे काम एमसीबीऐवजी वायरचे इन्सुलेशन करते, तेही प्लास्टरच्या आत, कोणाला न दिसता.

नीट उपाय म्हणजे मुख्य बोर्डापासून वेगळी ओळ. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, सी प्रकारचा २० किंवा २५ अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि एसीसाठी वापरतात तसा धातूच्या डब्यातला प्लग. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून हे करून घ्यावे आणि वीजबिलावर छापलेला मंजूर भार त्याच वेळी पाहावा. तो अपुरा असेल तर वाढवून घेता येतो. आरसीसीबी मात्र होल्डरच्या बाजूचा झटका पकडत नाही, कारण वेल्डिंगचा प्रवाह मशीनमधल्या ट्रान्सफॉर्मरने घरच्या विजेपासून वेगळा केलेला असतो. रॉड कामाला टेकलेली नसताना होल्डरवर साठ ते ऐंशी व्होल्ट असू शकतात. घामाने भिजलेला हातमोजा, पावसाने ओली गच्ची आणि अनवाणी पाय असतील, तर तेवढे व्होल्ट पुरेसे घातक आहेत. कोकणात चार महिने उघड्यावर हे काम करूच नये.

एक्स्टेंशन बोर्ड लागणारच असेल तर तो अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा हवा आणि रिळावर गुंडाळलेला नको. गुंडाळलेली वायर तापते आणि एकमेकींना चिकटते. दिवे गेल्यावर चालणाऱ्या घरच्या बॅटरी इन्व्हर्टरवर वेल्डिंग मशीन लावण्याचा विचारही करू नये.

जुने ट्रान्सफॉर्मर मशीन स्वस्तात मिळते आहे, घ्यावे का?

कोल्हापूरच्या उद्यमनगरपासून तालुक्याच्या गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानापर्यंत अशी मशीन दिसतात. चाके लावलेली, तेलाने भरलेली, दोन माणसांना न उचलणारी. ती दशके टिकतात, त्यांच्यात बिघडायला इलेक्ट्रॉनिक कार्डच नसते. पण त्यांतली अनेक दोन फेजवर, म्हणजे चारशेच्या वर व्होल्टवर चालणारी आहेत. घरी एकच फेज असेल तर ते नुसते लोखंड. शेतावर थ्री फेज आहे, जागा आहे आणि हलवायचे नाही, अशा ठिकाणी मात्र तांब्याच्या वायंडिंगचे जुने मशीन आजही वाईट सौदा नाही. वायंडिंग अॅल्युमिनिअमचे आहे की तांब्याचे, हे झाकण उघडून पाहावे. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये.

रॉड कोणती आणि पाइप किती गेजचा?

घरच्या कामाला ६०१३ वर्गाची रॉड. ठिणगी सहज पडते, स्लॅग सुटतो, चुका पोटात घेते. सुरुवात अडीच मिलिमीटरच्या रॉडने ७०-८० अँपिअरवर. ७०१८ ही अधिक मजबूत म्हणून सुचवली जाते, पण ती ओल धरते आणि वापरण्यापूर्वी तीनशे अंशांच्या वर भाजावी लागते. घरच्या ओव्हनचे ते काम नाही. पावसाळ्यात ६०१३ सुद्धा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. दमट रॉड तडतडते आणि टाक्यात बारीक छिद्रे राहतात.

बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारा चौकोनी पाइप १८ गेजचा, म्हणजे जेमतेम १.२ मिलिमीटर जाडीचा असतो. नवख्याच्या हातून रॉडने त्याला भोक पडणारच. दोष मशीनचा नसतो. शिकताना १४ गेजचा, म्हणजे दोन मिलिमीटरचा पाइप किंवा तीन मिलिमीटरची पट्टी घ्यावी. भंगारवाल्याकडे तुकडे किलोवर मिळतात.

डोळे आणि धूर

मशीनआधी हेल्मेट घ्यावे, असे अनुभवी कारागीर सांगतात ते उगीच नाही. ‘वेल्डिंग लागणे’ म्हणजे आर्कच्या अतिनील किरणांनी बुबुळाचा पृष्ठभाग भाजणे. त्रास लगेच होत नाही. संध्याकाळी काम केले तर मध्यरात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. बटाट्याच्या चकत्या ठेवण्याने वेळ जातो, इलाज होत नाही. अशा वेळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. आपोआप काळी होणारी काच असलेले हेल्मेट हजार ते तीन हजार रुपयांच्या दरम्यान मिळते. त्यावर ईएन ३७९ मानकाचा उल्लेख आणि छटा ९ ते १३ बदलण्याची सोय हवी. ८० ते १२० अँपिअरला १० किंवा ११ छटा ठीक. धोका फक्त जोडणाऱ्याला नसतो. शेजारच्या गॅलरीतून पाहणाऱ्या मुलालाही तो तेवढाच असतो, म्हणून आडोसा हवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला मानवी कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पहिल्या गटात टाकले. बंद खोलीत काम नको. जीआय पाइपवरचा जस्ताचा थर जाळला की त्या धुराने काही तासांत थंडीतापासारखा आजार येतो; तो थर जोडाच्या जागी आधी ग्राइंडरने काढावा आणि मास्क लावूनच. स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर, पेट्रोलची रिकामी टाकी, लाकडाचा भुसा हे आसपास नसावे. ‘रिकामी’ टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ असते.

दुकानात काय पाहावे?

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या हत्यारांच्या बाजारात जाण्याचा फायदा हा, की दुकानदार मशीन चालवून दाखवू शकतो. चार-पाच रॉड स्वतःच्या हाताने मारून पाहाव्यात. ठिणगी पहिल्या-दुसऱ्या घासणीत पडते का, रॉड चिकटल्यावर मशीन प्रवाह आपोआप कमी करते का, हे तिथेच कळते. सोबत येणारी केबल बरेचदा दीड-दोन मीटरचीच असते आणि तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनिअमची असते. तीन मीटरच्या तांब्याच्या केबलचे आणि दणकट अर्थ क्लॅम्पचे पैसे वेगळे धरावेत. खराब टाक्यांचे मूळ अनेकदा सैल क्लॅम्पमध्ये सापडते. गावाकडे व्होल्टेज कमी असेल, तर १६० व्होल्टपर्यंत चालणारे मॉडेल विचारावे. आणि बिघडले तर कार्ड कोण दुरुस्त करणार, कुठे, हे बिलावर सीरियल क्रमांक लिहून घेतानाच विचारावे. ऑनलाइन खरेदीत हाच प्रश्न अनुत्तरित राहतो.

साधे इन्व्हर्टर आर्क मशीन साधारण पाच ते दहा हजारांत येते. हेल्मेट, चामड्याचे हातमोजे, चिपिंग हातोडी, ब्रश, चार इंची ग्राइंडर, दोन-तीन क्लॅम्प आणि वायरिंग धरले, तर जवळपास तेवढाच खर्च पुन्हा होतो. बजेट ठरवताना हा दुसरा भाग आधी बाजूला काढावा. मशीन ग्राइंडरपासून दूर ठेवावे. त्याचा पंखा लोखंडाची भुकटी आत ओढतो आणि कार्ड जाते.

घरी काम, पण कोणासाठी?

स्वतःच्या वापरासाठी घरगुती जोडणीवर वेल्डिंग करणे आणि शेजाऱ्यांचे गेट पैसे घेऊन बनवणे, यांत वीज कायद्याच्या दृष्टीने फरक आहे. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार मंजूर कारणाशिवाय अन्य कारणासाठी वीज वापरल्यास लागू दराच्या दुप्पट आकारणी होऊ शकते. छंदातून कामे मिळू लागली, तर जोडणीचा प्रकार बदलून घ्यावा. गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांनी गच्ची किंवा पार्किंग वापरण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबावे, कारण कोपऱ्यात पडलेली ठिणगी लगेच दिसत नाही.