भूकंप आणि आपली गल्ली

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरला भूकंप झाला आणि कोल्हापूरही हादरून जागे झाले. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारासच झाला. दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळून हजारो जीव गेले. १७ जानेवारी १९९५ ला जपानमधील कोबे शहर हादरले तेही पहाटेच. भूकंपाला वेळेचे बंधन नाही. तो भर दुपारीही येतो. परंतु या तीन पहाटा आपल्याला एकच प्रश्न विचारतात : कोसळलेल्या घरात कोण कोठे निजले होते, हे कोणाला ठाऊक असते?

ते सरकारी दप्तरात सापडत नाही. शेजाऱ्याला ठाऊक असते. कोबेत ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी व शेजाऱ्यांनीच बाहेर काढले. कारण उघड आहे. एकाच क्षणी शेकडो ठिकाणांहून हाका येतात, रस्ते अडतात, आणि अडकलेल्या माणसाच्या जगण्याची आशा तासागणिक कमी होते. पहिले पथक म्हणजे आपली गल्लीच होय.

संघटना कोल्हापूरला नव्याने शिकवावी लागत नाही. २०१९ च्या महापुरात पेठापेठांतील तालमी आणि तरुण मंडळे मदतीला धावली, हे आपण पाहिले आहे. मात्र पूर आणि भूकंप यांत मोठा फरक आहे. पंचगंगा फुटाफुटाने चढते आणि तयारीला अवधी देते. भूकंप तो देत नाही. म्हणून भूकंपाची तयारी आधीच झालेली असली पाहिजे.

ती फार खर्चाची नाही. तालमीत पहारी, फावडी, दोरखंड, बॅटऱ्या आणि मोटारीचा जॅक एका जागी ठेवावा. हादरा थांबताच गॅस व विजेचे मुख्य बटण कोणी बंद करावयाचे, म्हाताऱ्यांना व आजाऱ्यांना कोणी मोकळ्या जागेत न्यावयाचे, हे नावानिशी ठरवावे. ढिगाऱ्यावर गर्दी करू नये. मधूनमधून सर्वांनी गप्प राहून आतली हाक ऐकावी. २०१९ साली उपसा केंद्रे बुडाल्यामुळे नळ बंद पडले होते. भूकंपात तर जलवाहिन्याच फुटतात. तेव्हा गल्लीतील विहीर वा कूपनलिका वापरती ठेवावी.

आणि एक वही असावी : घरात माणसे किती, कोण कोठे निजते, कोणाला चालता येत नाही. "घरातील गोष्ट परक्याला का सांगावी?" असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. म्हणून वही चव्हाट्यावर न ठेवता गल्लीचा विश्वास असलेल्या एखाद्या जाणत्या बाईच्या हाती द्यावी, आणि तिची दुसरी प्रत दुसऱ्या घरी असावी. एकच घर पडले तर वहीही गाडली जाईल. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी मंडळाची पोरे दारोदार जातातच. त्याच फेरीत दरवर्षी ही वही ताजी करता येईल.