उद्रेकानंतरचा तारा

शर तारकासमूहातील डब्ल्यू झेड सॅजिटी हा एरवी पंधराव्या प्रतीचा, दुर्बिणीतूनही जेमतेम दिसणारा तारा. तो पृथ्वीपासून सुमारे १५० प्रकाशवर्षांवर आहे. १९१३, १९४६, १९७८ आणि २००१ या वर्षांत तो अचानक शेकडो पटींनी उजळला. वास्तविक ही दोन ताऱ्यांची जोडी आहे. श्वेतबटू आपल्या हलक्या सोबत्याकडून वायू ओढून घेतो, त्या वायूची चकती त्याच्याभोवती साचते, आणि ती तापून अस्थिर झाली की उद्रेक होतो.

खरी मौज उद्रेकानंतर सुरू होते. जुलै २००१मध्ये तारा उजळत आठव्या प्रतीपर्यंत पोहोचला, तीनेक आठवडे हळूहळू मंदावला, मग एकदम घसरला. आणि संपला म्हणावे तोच साधारण दोन-दोन दिवसांच्या अंतराने तब्बल बारा वेळा पुन्हा उजळला. तेजाच्या आलेखावर ही चढउतारांची रेषा करवतीच्या दात्यांसारखी दिसते.

याहून सूक्ष्म चढउतार तासाभरात टिपता येतात. जोडीची प्रदक्षिणा सुमारे ८२ मिनिटांची, पण उद्रेकात चकती लंबगोल होऊन स्वतःच हळूहळू फिरू लागते, म्हणून तेजाचे उंचवटे प्रदक्षिणाकाळापेक्षा किंचित उशिराने येतात. या फरकावरून सोबत्याचे वस्तुमान अजमावता येते. त्यासाठी शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी तुलना करत कॅमेऱ्याने सलग छायाचित्रे घ्यावी लागतात. एका ठिकाणी उजाडले की पश्चिमेकडच्या निरीक्षकाला धागा पुढे न्यावा लागतो. हौशी निरीक्षकांची मदत म्हणूनच इथे अमूल्य ठरते.