शेकडो रेपो, एक कमांड: लॉगविषयीचे गैरसमज

अँड्रॉइडचा खुला सोर्स कोड शेकडो गिट रेपोंमध्ये विभागलेला आहे. त्या सगळ्यांवर एकच कमांड चालवण्यासाठी गुगलच्या ‘रेपो’ या टूलमध्ये ‘फॉरऑल’ ही सोय आहे. लहान टीमसुद्धा आता हेच काम शेलच्या चार ओळींत करतात. कमांड चालवणं सोपं आहे. ती नेमक्या कोणत्या रेपोत आणि का अडली, हे नंतर सांगता यायला मात्र लॉग धड असावा लागतो.

गैरसमज: टर्मिनलवर सगळं दिसतंच, मग साठवायचं कशाला?
वस्तुस्थिती: बहुतेक टर्मिनल ठरावीक ओळीच मागे ठेवतात. आउटपुट वाढलं की सुरुवातीच्या रेपोंच्या ओळी आधी नाहीशा होतात.

गैरसमज: ‘>’ लावलं की सगळं फाइलमध्ये जातं.
वस्तुस्थिती: युनिक्समध्ये आउटपुटचे प्रवाह दोन: 1 नेहमीच्या आउटपुटचा, 2 एररचा. ‘>’ फक्त पहिला वळवतो. गिटच्या एरर दुसऱ्यातून येतात, म्हणजे जे शोधायचं तेच फाइलमध्ये नसतं. त्यासाठी ‘> फाइल’ यानंतर ‘2>&1’ लिहावं. शेल हे डावीकडून उजवीकडे लागू करतं, त्यामुळे क्रम उलटला तर एरर टर्मिनलवरच राहतात.

गैरसमज: आउटपुट ‘टी’ कमांडला पाइप केलं आणि एक्झिट कोड 0 आला, म्हणजे काम फत्ते.
वस्तुस्थिती: बॅश एरवी पाइपलाइनमधल्या शेवटच्या कमांडचा कोड देतं. मूळ कमांड फसली तरी ‘टी’चं लिहिणं नीट झालं की 0 मिळतो. ‘पाइपफेल’ चालू केलं तर अपयश लपत नाही.

गैरसमज: रेपोंवर समांतर काम चालवलं तरी एक लॉग फाइल पुरते.
वस्तुस्थिती: ‘एक्सआर्ग्ज’ने समांतर चालवलेल्या कामांचं आउटपुट एकमेकांत मिसळतं आणि कोणती ओळ कोणत्या रेपोची ते कळत नाही. ‘जीएनयू पॅरलल’ एरवी प्रत्येक कामाचं आउटपुट एकत्र ठेवतं. त्याचा ‘जॉबलॉग’ पर्याय कामाची सुरुवात, लागलेला वेळ आणि एक्झिट कोड नोंदवतो. तरीही प्रत्येक रेपोची वेगळी फाइल ठेवणं उत्तम.

गैरसमज: लॉग कुठेही ठेवला तरी चालतो.
वस्तुस्थिती: रेपोच्या आत ठेवलेला लॉग चुकून कमिटमध्ये जाऊ शकतो किंवा ‘गिट क्लीन’मध्ये उडू शकतो. त्यात गुपितंही असू शकतात: रिमोटच्या पत्त्यात टोकन असेल, तर रिमोटची यादी छापणारी कमांड ते लॉगमध्ये उतरवते. म्हणून लॉग रेपोंच्या बाहेर, मोजक्या लोकांनाच वाचता येईल अशा फोल्डरमध्ये ठेवावा.

दर रनला तारीख-वेळेच्या नावाचं नवं फोल्डर करावं. त्यात प्रत्येक रेपोची एक फाइल असावी, आणि रेपोचं नाव व एक्झिट कोड नोंदवणारी एक सारांश फाइलही असावी. मग 0 सोडून दुसरा कोड असलेले रेपो वेगळे काढून कमांड फक्त त्यांच्यावरच पुन्हा चालवता येते. ज्या सहकाऱ्याने पहिला रन पाहिलाही नव्हता, त्यालाही हे काम पुढे नेता येतं.