यंत्राचा दुभाष्या

परीक्षेचा आदला दिवस. रात्रीचे नऊ वाजलेले. शिष्यवृत्ती परीक्षेचे प्रवेशपत्र घरच्या संगणकावर आलेले आहे. ते छापून सकाळी केंद्रावर न्यावयाचे आहे. घरातील मुलगी छपाईची आज्ञा देते. शेजारचा प्रिंटर मात्र स्तब्ध राहतो आणि संगणकाच्या पडद्यावर एका चौकटीत सूचना उमटते. मुलगी ती न वाचताच मिटवते व पुन्हा आज्ञा देते. चौकट पुन्हा येते. असे दहा वेळा घडते. अखेर तिचा धीर सुटतो आणि 'यंत्र बिघडले' असा निर्णय ती देऊन टाकते.

यंत्र खरोखरच बिघडलेले असते काय? पुष्कळदा तसे नसते. बिघडलेला असतो तो दोन यंत्रांमधील संवाद. हा संवाद कसा चालतो हे कळले, म्हणजे तो पुन्हा जोडून देणे फारसे अवघड राहत नाही.

संगणकाला अक्षरे, शब्द आणि परिच्छेद यांची व्यवस्था ठाऊक असते. प्रिंटरचे काम निराळे. कागदावर कोठे ठिपका द्यावयाचा आणि कोठे जागा कोरी सोडावयाची, हे त्याला पाहावे लागते. एका इंचात ३०० ठिपके या मापाने नेहमीच्या ए-फोर आकाराच्या एका पानावर सुमारे ८७ लक्ष जागा होतात. त्यांतील प्रत्येक जागेचा हिशेब प्रिंटरला समजेल अशा भाषेत मांडावा लागतो. ही भाषाही सर्व प्रिंटरची एकच नसते. म्हणून संगणक आणि प्रिंटर यांच्यामध्ये एका लहानशा प्रोग्रॅमची योजना केलेली असते. त्याला 'ड्रायव्हर' असे म्हणतात.

ड्रायव्हर म्हणजे यंत्राचा दुभाष्या. १६७४ साली हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रज वकील रायगडावर आला, तेव्हा त्याच्याबरोबर नारायण शेणवी हा दुभाष्या होता. दोन्ही पक्षांची भाषा जाणणारा असा माणूस नसता, तर बोलणी पुढे सरकली नसती. ड्रायव्हरचेही तसेच आहे. संगणकाची मूळ प्रणाली बदलली आणि ड्रायव्हर जुनाच राहिला, किंवा एका प्रिंटरसाठी दुसऱ्याचाच ड्रायव्हर बसविला गेला, की दोन्ही यंत्रे धडधाकट असूनही एकमेकांना मुकी होतात.

अशा वेळी पडद्यावर येणारी सूचना त्रासदायक वाटते. परंतु तिचे मोल फार मोठे आहे. ते पटवून देणारी एक घटना अमेरिकेत घडली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत एक सामाईक प्रिंटर होता. त्यात वारंवार कागद अडके आणि दूर बसलेल्या कोणाच्या ते ध्यानात येत नसे. तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनी प्रिंटर चालविणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फेरफार केला. कागद अडकला, की छपाईची वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर तशी सूचना येऊ लागली. कागद अडकणे थांबले नाही. परंतु कोणी ना कोणी लगेच उठून तो काढू लागला. पुढे १९८० च्या सुमारास तेथे नवा लेझर प्रिंटर आला. त्याच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर प्रयोगशाळेला मिळू शकला नाही. त्यामुळे ती सोय पुन्हा करता आली नाही. हा अनुभव स्टॉलमन यांच्या मनाला लागला. प्रोग्रॅम सर्वांना वाचता व सुधारता आले पाहिजेत, या विचाराने त्यांनी १९८३ साली 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली.

सूचना ही अशी उपयोगाची वस्तू आहे. म्हणून ती मिटविण्यापूर्वी पूर्ण वाचावी व कागदावर उतरून घ्यावी. मग बाहेरून आत, या क्रमाने शोध करावा.

प्रथम डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी पाहाव्यात. प्रिंटरचे बटन सुरू आहे काय? तार नीट बसली आहे काय? कागद आणि शाई आहे काय? तारेवाचून, वाय-फायने चालणारा प्रिंटर असेल, तर तो आणि संगणक एकाच वाय-फायवर आहेत काय? 'ऑफलाइन' हा शब्द दिसला, तर प्रिंटर मोडला असे समजू नये. संगणकाला तो सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

त्यानंतर छपाईची रांग पाहावी. दिलेली प्रत्येक आज्ञा या रांगेत उभी राहते. पुढची आज्ञा अडली, की मागच्या साऱ्या खोळंबतात. त्या मुलीने दिलेल्या दहा आज्ञा अशाच रांगेत उभ्या असणार! त्या रद्द कराव्यात, दोन्ही यंत्रे बंद करून पुन्हा सुरू करावीत आणि एकच आज्ञा द्यावी. ती योग्य प्रिंटरच्या नावे जात आहे ना, हेही पाहावे.

इतके करूनही यश आले नाही, तरच दुभाष्या बदलावा. जुना ड्रायव्हर काढून टाकावा. प्रिंटरवर लिहिलेला त्याचा पूर्ण क्रमांक पाहून, त्याच क्रमांकाचा व आपल्या संगणकाच्या प्रणालीला जुळणारा ड्रायव्हर, प्रिंटर बनविणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. अलीकडच्या पुष्कळ प्रिंटरना एक सामाईक भाषा येते. त्यांना वेगळ्या ड्रायव्हरची गरजही भासत नाही.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. 'तुमचा ड्रायव्हर जुना झाला आहे, येथे दाबा' अशा जाहिराती खऱ्या सूचनेचे सोंग घेऊन येतात. ड्रायव्हरला संगणकाच्या अंतर्भागात प्रवेश असतो. म्हणून अनोळखी ठिकाणचा ड्रायव्हर घेणे, हे परक्याच्या हाती घराच्या किल्ल्या देण्यासारखे आहे. २०२१ साली विंडोज प्रणालीच्या छपाई-व्यवस्थेत एक गंभीर दोष उघडकीस आला. ड्रायव्हरच्या मिषाने परक्या माणसाला संगणकाचा ताबा घेता येईल, असा तो दोष होता. मायक्रोसॉफ्ट कंपनीने तातडीने दुरुस्ती पाठविली आणि पुढे ड्रायव्हर बसविण्याचा अधिकार संगणकाच्या व्यवस्थापकापुरता मर्यादित केला. म्हणून संगणक 'परवानगी द्यावयाची काय?' असे विचारतो, तेव्हा काय मागितले जात आहे ते वाचावे आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारूनच उत्तर द्यावे.

त्या मुलीने अकराव्या वेळी चौकट आली तेव्हा ती वाचली असती, तर? कदाचित तीत एवढेच लिहिलेले असते : 'कागद संपला आहे.'