एक्झॉस्टमधील बदलानंतर एटीव्हीच्या कार्बोरेटरचे जेटिंग

इंजिनाला हवे तेवढे पेट्रोल मोजून देण्यासाठी कार्बोरेटरमध्ये बारीक छिद्रांचे पितळी तुकडे बसवलेले असतात, त्यांना जेट म्हणतात. या जेटची, तसेच त्यांच्याशी संबंधित सुई व स्क्रूची योग्य निवड आणि जुळणी म्हणजे जेटिंग होय. एटीव्ही, अर्थात ऑल-टेरेन व्हेइकल, हे वाळू, चिखल व डोंगराळ वाटांवर चालवण्यासाठी बनवलेले, रुंद व कमी दाबाच्या टायरांचे खुले वाहन आहे. त्याचा कारखान्यातून आलेला एक्झॉस्ट काढून अधिक मोकळा एक्झॉस्ट बसवला की इंजिनातून होणारा हवेचा प्रवाह बदलतो. पूर्वीचे जेट मात्र जुन्या प्रवाहासाठी निवडलेले असतात. परिणामी मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण कमी पडून इंजिन अतिशय तापू शकते आणि पिस्टन वितळण्यापर्यंत हानी होऊ शकते. मिश्रण काहीसे विरळ झालेले इंजिन बिघडण्यापूर्वी बहुधा अधिक चपळ भासते. त्यामुळे केवळ आवाज आणि ओढ यांवर विसंबून केलेले जेटिंग फसवे ठरते.

पार्श्वभूमी

होंडा कंपनीने १९७० मध्ये यूएस ९० हे तीनचाकी वाहन अमेरिकेच्या बाजारात आणले. सुझुकीच्या क्वाडरनर एलटी १२५ या वाहनापासून १९८० च्या दशकाच्या आरंभी चारचाकी एटीव्ही प्रचारात आल्या. १९८७ पासून विकल्या गेलेल्या यामाहा बॅन्शी या एटीव्हीत ३४७ घनसेंटिमीटर क्षमतेचे, दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन होते व प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र मिकुनी कार्बोरेटर होता. १९९९ मध्ये आलेल्या होंडा टीआरएक्स ४०० ईएक्समध्ये ३९७ घनसेंटिमीटर क्षमतेचे, हवेने थंड होणारे एका सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन होते. या दोन्ही वाहनांना वेगळे एक्झॉस्ट बसवण्याची प्रथा अमेरिकेतील हौशी चालकांत मोठ्या प्रमाणावर रूढ झाली. यामाहा रॅप्टर ७०० आर, सुझुकी एलटी-आर ४५० यांसारख्या २००६ मधील वाहनांपासून खेळासाठीच्या एटीव्हींमध्ये फ्युएल इंजेक्शनचा प्रसार झाला. तरीही कार्बोरेटर असलेली जुनी वाहने वापरात असल्याने जेटिंगचे महत्त्व टिकून आहे.

कार्बोरेटरचे कार्य

इंजिन हवा ओढते तेव्हा ती कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून, म्हणजे व्हेंच्युरीतून जाते. तेथे हवेचा वेग वाढतो व दाब घटतो. खालच्या फ्लोट चेंबरमधील पेट्रोलवर मात्र जवळजवळ वातावरणाइतकाच दाब असतो. दाबातील या फरकामुळे पेट्रोल जेटमधून वर ढकलले जाते आणि हवेत तुषाररूपाने मिसळते.

पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागते. पूर्ण शक्तीसाठी मिश्रण याहून दाट, म्हणजे साधारणपणे १२.५ ते १३ भाग हवेला १ भाग पेट्रोल असे ठेवले जाते. पेट्रोल प्रमाणाबाहेर कमी असेल तर त्या मिश्रणाला विरळ किंवा मेकॅनिकांच्या भाषेत ‘लीन’ म्हणतात, जास्त असेल तर दाट किंवा ‘रिच’ म्हणतात. दाट मिश्रणाने शक्ती घटते, प्लग काळवंडतो व पेट्रोल वाया जाते. विरळ मिश्रणाने, विशेषतः पूर्ण थ्रॉटलवर, ज्वलनकक्षाचे तापमान वाढते आणि नॉकिंग होऊ शकते. म्हणजे पहिला दोष खर्चिक, तर दुसरा विनाशक असतो.

टू-स्ट्रोक इंजिनात हा धोका अधिक असतो. आत येणारे ताजे मिश्रण पिस्टनला थंड ठेवण्यास मदत करते. शिवाय ज्या वाहनात वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळून वापरले जाते, तेथे पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, असा दुहेरी तोटा होतो.

एक्झॉस्ट बदलल्याने काय होते

व्हेंच्युरीतून अधिक हवा गेली तर पेट्रोलही अधिक ओढले जाते. मग जेट बदलण्याची गरज का भासते, असा प्रश्न साहजिक आहे. त्याची मुख्यतः तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे की, हवा आणि पेट्रोल यांची वाढ सर्व वेगांना सारख्या प्रमाणात होत नाही. फोर-स्ट्रोक इंजिनात इनटेक व एक्झॉस्ट झडपा क्षणभर एकाच वेळी उघड्या असतात. त्या क्षणी एक्झॉस्ट नळीतील दाबाच्या लहरी सिलिंडर रिकामा होण्यास साहाय्य करतात किंवा अडथळा आणतात. नळीची लांबी व व्यास बदलला की हा परिणाम वेगळ्या आरपीएमला प्रकट होतो. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टचा फुगीर भाग, म्हणजे एक्स्पान्शन चेंबर, परत फिरणाऱ्या लहरीच्या योगे बाहेर निसटणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरात लोटतो. त्यामुळे तेथे नळीच्या आकाराचा प्रभाव फारच मोठा असतो.

दुसरे कारण म्हणजे, प्रदूषणाच्या मर्यादा पाळण्यासाठी अनेक वाहनांचे मूळ जेटिंग आधीच विरळ बाजूला झुकलेले असते. त्यामुळे थोडा बदलही सहन होण्याजोगी जागा उरत नाही.

तिसरे कारण बऱ्याचदा दुर्लक्षित राहते. एक्झॉस्टबरोबर एअर बॉक्सचे झाकणही काढले जाते किंवा मोकळा एअर फिल्टर बसवला जातो. हवेचा मार्ग मोकळा झाला की कार्बोरेटरच्या गळ्यातील ओढ कमी होते आणि त्याच जेटमधून पेट्रोल कमी येते. केवळ सायलेन्सर बदलण्यापेक्षा एअर बॉक्स मोकळा करण्याने जेटिंगमध्ये अधिक फरक करावा लागतो, असा अनुभव अनेकदा येतो.

थ्रॉटलचे टप्पे आणि कार्बोरेटरचे भाग

कार्बोरेटरचा प्रत्येक भाग थ्रॉटलच्या विशिष्ट टप्प्यात प्रभावी असतो. स्लाइड पद्धतीच्या कार्बोरेटरात हे टप्पे सामान्यतः पुढीलप्रमाणे असतात.

• बंद ते पाव थ्रॉटल: पायलट जेट आणि हवेचा किंवा इंधनाचा स्क्रू.
• एक अष्टमांश ते अर्धा थ्रॉटल: स्लाइडच्या खालच्या कडेचा तिरका काप.
• पाव ते पाऊण थ्रॉटल: सुई आणि तिच्याभोवतीचा नीडल जेट.
• पाऊण ते पूर्ण थ्रॉटल: मेन जेट.

हे टप्पे एकमेकांत मिसळलेले असतात. मात्र त्यांचा संबंध थ्रॉटल किती उघडला आहे याच्याशी असतो, वाहनाच्या वेगाशी नसतो. अर्ध्या थ्रॉटलवर जाणवणारा दोष मेन जेट बदलून सुधारण्याचा प्रयत्न करणे, ही नवशिक्यांकडून हमखास घडणारी चूक आहे. ती टाळण्यासाठी थ्रॉटलवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा व पाऊण उघडीच्या खुणा केल्या जातात.

सुईच्या वरच्या टोकाला खाचा असतात व त्यांपैकी एकीत क्लिप अडकवलेली असते. क्लिप खालच्या खाचेत बसवली की सुई वर उचलली जाते आणि मिश्रण दाट होते. वरच्या खाचेत बसवल्यास ते विरळ होते.

स्क्रूच्या बाबतीत त्याची जागा पाहणे आवश्यक असते. तो स्लाइडच्या एअर फिल्टरकडील बाजूस असेल तर बहुधा हवेचा स्क्रू असतो, तो आत फिरवल्यास मिश्रण दाट होते. तो इंजिनाकडील बाजूस असेल तर बहुधा इंधनाचा स्क्रू असतो, तो बाहेर फिरवल्यास मिश्रण दाट होते. हा भेद ध्यानात न घेतल्यास जुळणी नेमकी उलट होते.

जेटचे क्रमांक

केहीनच्या मेन जेटवरील क्रमांक छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात दर्शवतो, म्हणजे १५० क्रमांकाचे छिद्र १.५० मिलिमीटरचे असते. मिकुनीच्या षट्कोनी मेन जेटवरील क्रमांक मात्र पेट्रोलच्या प्रवाहावर आधारलेला असतो. म्हणून एका कंपनीचा क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या कार्बोरेटरला लागू पडत नाही.

व्यास थोडा वाढला तरी छिद्राचे क्षेत्रफळ त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १५० ऐवजी १६० क्रमांकाचा केहीन जेट बसवल्यास व्यास सुमारे ७ टक्क्यांनी, पण क्षेत्रफळ सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. त्याचप्रमाणे, दुसऱ्याच्या वाहनात योग्य ठरलेला क्रमांक आपल्या वाहनात तसाच योग्य ठरेल असे नाही. तो फक्त आरंभबिंदू म्हणून उपयोगी असतो.

जुळणीची पद्धत

जेटला हात लावण्यापूर्वी इंजिन निर्दोष असल्याची खात्री केली जाते. एअर फिल्टर स्वच्छ आणि पेट्रोल ताजे असावे, फ्लोटची उंची ठरल्याप्रमाणे असावी, कार्बोरेटर व इंजिन यांमधील रबरी जोडाला चीर नसावी आणि एक्झॉस्टच्या गॅस्केटमधून गळती नसावी. थ्रॉटल सोडल्यावर एक्झॉस्टमधून होणारे फटफट आवाज विरळ मिश्रणाचे लक्षण असू शकतात, तसेच ते एक्झॉस्टच्या गळक्या जोडामुळेही होऊ शकतात. गळती असताना केलेले जेटिंग गळती दुरुस्त होताच निरुपयोगी ठरते.

सर्व चाचण्या इंजिन पूर्ण तापल्यावर व चोक बंद करून घेतल्या जातात. एका वेळी एकच भाग बदलला जातो आणि प्रत्येक बदल तापमान व ठिकाणासह वहीत नोंदवला जातो. सर्वसाधारण क्रम असा आहे.

१. प्रथम मेन जेट निश्चित केला जातो, कारण पूर्ण थ्रॉटलवरच हानीचा धोका सर्वाधिक असतो. आरंभ स्पष्टपणे मोठ्या जेटने होतो. त्यामुळे पूर्ण थ्रॉटलवर इंजिन अडखळते व जड आवाज करते. मग एकेक पायरीने लहान जेट बसवत, इंजिन स्वच्छ चालू लागेल तेथे थांबले जाते. लहान जेटकडून मोठ्याकडे जाणे धोक्याचे असते, कारण त्या मार्गावरची पहिलीच चूक पिस्टनला भोवू शकते.

२. नंतर पायलट जेट व स्क्रू यांची जुळणी होते. आयडल सर्वाधिक व स्थिर होईल अशा ठिकाणी स्क्रू ठेवला जातो. इंधनाचा स्क्रू जवळजवळ बंद करावा लागत असेल तर पायलट जेट मोठा आहे, आणि सुमारे ३ फेऱ्यांहून अधिक उघडावा लागत असेल तर तो लहान आहे, असे समजतात. हवेच्या स्क्रूसाठी निष्कर्ष उलट असतो.

३. शेवटी सुईची क्लिप पाहिली जाते. पाव ते पाऊण थ्रॉटलमध्ये इंजिन दचकत वा रेंगाळत असेल तर क्लिप एक खाच खाली आणि अडखळत वा गुरगुरत असेल तर एक खाच वर नेली जाते.

४. हे सर्व झाल्यावर मेन जेटची चाचणी पुन्हा घेतली जाते.

बॅन्शीसारख्या दोन कार्बोरेटरांच्या वाहनात दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातात की नाही, हेही तपासावे लागते. अन्यथा एक सिलिंडर योग्य व दुसरा विरळ अशी स्थिती उद्भवते आणि चालकाला ती लक्षात येत नाही.

स्पार्क प्लगची तपासणी

मेन जेटची चाचणी प्लगवरून पडताळली जाते. नवा प्लग लावून, मोकळ्या व सुरक्षित जागी वाहन पूर्ण थ्रॉटलवर चालवले जाते. त्याच स्थितीत इंजिन बंद करून लगेच क्लच दाबला जातो व प्लग काढून पाहिला जातो. चिनी मातीच्या भागाच्या तळाशी फिकट तपकिरी छटा समाधानकारक मानतात. पांढराफटक व कोरडा प्लग विरळ मिश्रण, तर काजळी धरलेला काळा प्लग दाट मिश्रण सुचवतो. पांढऱ्या भागावर ॲल्युमिनिअमचे चकाकणारे बारीक कण दिसल्यास पिस्टनची झीज सुरू झालेली असते, अशा वेळी चाचणी तत्काळ थांबवावी लागते.

शिसेविरहित पेट्रोलमुळे प्लगवर रंग सावकाश व अंधुक उमटतो. त्यामुळे केवळ रंगावरून निर्णय न घेता इंजिनाची वागणूकही पाहिली जाते. एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सर उपलब्ध असल्यास मिश्रणाचे प्रमाण प्रत्यक्ष अंकांत कळते.

हवामान आणि उंची

एकदा केलेले जेटिंग सर्वत्र व सर्वकाळ योग्य राहत नाही. थंड हवा घन असते, म्हणून उन्हाळ्यात जुळवलेले इंजिन हिवाळ्यात विरळ मिश्रणावर चालू शकते. उंचीवर हवा पातळ होते व मिश्रण दाट होते. सुमारे ३००० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण एक चतुर्थांशाने कमी असते. कॅलिफोर्नियातील इम्पीरियल सँड ड्यून्स हा वाळूच्या टेकड्यांचा सखल प्रदेश आहे. तेथे जुळवलेली एटीव्ही कोलोरॅडोच्या डोंगरात नेल्यास ती अडखळेल, पण सहसा बिघडणार नाही. उलट प्रवासात, डोंगरातील जेट तसेच ठेवून सखल प्रदेशात पूर्ण थ्रॉटल दिल्यास इंजिन गमावण्याची वेळ येऊ शकते.

कायदेशीर बाबी

अमेरिकेत एटीव्हींना २००६ पासून टप्प्याटप्प्याने संघराज्यीय प्रदूषण मर्यादा लागू झाल्या. स्वच्छ हवा कायद्यानुसार प्रमाणित वाहनाच्या प्रदूषण-नियंत्रण व्यवस्थेत छेडछाड करण्यास मनाई आहे. राष्ट्रीय वनभूमीवर एक्झॉस्टमध्ये ठिणगीरोधक जाळी असणे आवश्यक असते, कारण एका ठिणगीने वणवा लागू शकतो. कॅलिफोर्नियात १९८६ पासून बनलेल्या अशा वाहनांसाठी आवाजाची मर्यादा ९६ डेसिबल आहे.

भारतात जेटिंगचा परिचय अनेकांना मोटारसायकलमुळे असतो, त्यामागील तत्त्व तेच आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर नव्या दुचाकींमध्ये कार्बोरेटरची जागा बहुतांशी फ्युएल इंजेक्शनने घेतली. रस्त्यावरील वाहनांतील फेरफारांना मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चे निर्बंध लागू आहेत. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिस कर्कश सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली नष्ट करतात.

खबरदारी

फ्लोट चेंबर उघडताना पेट्रोल सांडते. म्हणून हे काम इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत व ज्योतीपासून दूर केले जाते आणि तत्पूर्वी पेट्रोल कॉक बंद केला जातो. जेट मऊ पितळेचे असल्याने योग्य मापाचा स्क्रू ड्रायव्हर वापरला जातो. छिद्र तारेने कोरून मोठे करणे अनिष्ट असते, कारण त्यानंतर जेटवरील क्रमांकाला अर्थ उरत नाही. जुळणी नीट साधत नसेल तर मूळ एक्झॉस्ट, एअर बॉक्स व जेट पुन्हा बसवून वाहन पूर्ववत करता येते. त्यासाठी काढलेले भाग जपून ठेवले जातात.