विजयायुक्त औषध घेताय? आधी डॉक्टरांना सांगा

भूमसारख्या तालुक्याच्या गावातही ‘विजया’ असलेले तेल, थेंब किंवा गोळ्या आता ऑनलाइन मागवता येतात. गुडघेदुखी, निद्रानाश, कॅन्सरच्या वेदना अशा तक्रारींसाठी लोक त्या घेतात. विजया म्हणजे भांग. पार्सल घरपोच येते. पण रुग्णाला तपासून दिलेला सल्ला त्यासोबत येतोच असे नाही.

हे औषध कायदेशीर आहे का?
१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा आणि चरस बाळगणे व विकणे गुन्हा आहे. शेंड्यांशिवायची पाने व बिया मात्र ‘गांजा’च्या व्याख्येत येत नाहीत. परवानाधारक आयुर्वेदिक कंपन्या पानांपासून औषधे बनवतात. औषध नियमांच्या ‘ई-१’ अनुसूचीत, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, भांगेचा समावेश आहे. म्हणून पोटात घ्यायच्या अशा औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना छापावी लागते. अमेरिका-कॅनडातील दुकानातून नातेवाइकाने गांजाचे तेल आणले, तर ते भारतात आणणे हाच गुन्हा ठरतो.

फोनवर बोलणारी व्यक्ती कोण?
विक्रेत्याचा प्रतिनिधी म्हणजे डॉक्टर नव्हे. नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारा. तुमचे इतर आजार आणि चालू गोळ्या न विचारता कोणी डोस सांगत असेल, तर तो सल्ला मानू नका.

हे औषध कोणासाठी धोक्याचे?
• रक्त पातळ करणारी वॉरफेरिन घेणारे: रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.
• आकडीच्या गोळ्या घेणारे: क्लोबाझामने गुंगी वाढू शकते, व्हॅल्प्रोएटसोबत यकृतावर ताण येऊ शकतो.
• झोपेच्या गोळ्या किंवा दारू घेणारे: गुंगी वाढते, वृद्धांना पडून हाड मोडण्याची भीती असते.
• गरोदर व स्तनदा माता, हृदयरोगी, स्वतःला किंवा घरात कोणाला तीव्र मानसिक आजार असलेले.

लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हे औषध देऊ नये. काही दुर्मिळ प्रकारच्या आकडीत भांगेतील सीबीडी या घटकाचा उपयोग सिद्ध झाला आहे. पण म्हणून ते प्रत्येक दुखण्यावर चालते असे नाही.

डोस पुन्हा घेण्याची घाई नको
पोटात घेतलेल्या औषधाचा परिणाम दिसायला अर्धा ते दोन तास लागू शकतात. ‘काहीच झाले नाही’ म्हणून दुसरा डोस घेतला, तर दोन्हींचा परिणाम एकदम जाणवतो. औषध घेतल्यावर गाडी किंवा ट्रॅक्टर चालवू नका.

भूममध्ये सल्ला कुठे मिळेल?
• बाटली आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या घेऊन सरकारी रुग्णालयात किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे जा.
• गावातील आयुष्मान आरोग्य मंदिरातून ई-संजीवनीवर डॉक्टरांशी मोफत बोलता येते.
• औषध आयुर्वेदिक असल्याने नोंदणीकृत वैद्यांचाही सल्ला घ्या.

डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. त्यांना माहीत नसेल, तर गोळ्यांचे प्रमाण जुळवता येत नाही. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

तातडीने कधी जावे?
छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, भास होणे, खूप गोंधळणे किंवा उलट्या न थांबणे, यांपैकी काहीही झाले तर १०८ वर फोन करा आणि बाटली सोबत न्या.